मटारचे सतरा दाणे

इथल्या जुन्या वाचकांना मी ओळखीची असेन. कोणी अनुभव लिहिला की खाली येऊन "काहीतरी स्पष्टीकरण असणारच, नीट आठवून बघा" अशी कमेंट टाकणारी ती मीच. एका ताईंनी मला रागाने 'विरजणवाली' असं नावही ठेवलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. मी विमा कंपनीत क्लेम्स बघते. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या गोष्टी ऐकायच्या आणि म्हणायचं - कागद दाखवा. वीस वर्षं हेच केल्यावर भुताखेतांवर काय डोंबल विश्वास बसणार!

तर आज माझ्याकडे कागद नाही. मटारचे सतरा दाणे आहेत, सुकून खडे झालेले, एका डबीत. ते कसे आले तेवढं सांगते.

आम्ही जयपूरला शास्त्रीनगरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. वर गच्ची. घरात मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी मुक्ता आणि सासूबाई - त्यांना मी आईच म्हणते. सासरे, म्हणजे अण्णा, गेल्या डिसेंबरात गेले. आमचं मूळ मनमाडकडचं, पण अण्णांना रेल्वेची नोकरी राजस्थानात लागली आणि सगळी हयात इकडेच गेली. ते मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसलेला माणूस असतो ना, तो.

त्या एकटेपणातच त्यांना कोड्यांचा नाद लागला. रिटायर झाल्यावर तो नाद त्यांनी आम्हाला लावला. दर रविवारी सकाळी पोहे झाले की कोड्यांची बैठक. आम्ही घरचे आणि शेजारचे माथुरजी. माथुरजी गणिताचे रिटायर्ड मास्तर, विधुर, मराठी समजतं पण बोलत नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हा अण्णांनी मला घातलेलं पहिलं कोडं अजून आठवतं. एक किलोमीटर लांबीची मालगाडी, एक किलोमीटरचा बोगदा, वेग ताशी साठ. गाडीला बोगदा पार करायला किती वेळ? मी फाडकन म्हटलं, एक मिनिट. अण्णा हसले. "एका मिनिटात इंजिन बाहेर आलं. मी अजून आतच आहे की! गार्डाचा डबा बाहेर येईपर्यंत गाडी बाहेर आली असं म्हणायचं नाही, सूनबाई." उत्तर दोन मिनिटं.

गणितं माथुरजींच्या वाट्याची. आम्हा बाकीच्यांना आवडायची ती गोष्टीची कोडी... एक विचित्र प्रसंग सांगायचा, आणि का घडलं ते प्रश्न विचारून शोधायचं. त्याचे अण्णांचे नियम कडक होते. घालणाऱ्याने तीनच शब्द बोलायचे - हो, नाही, गैरलागू. एका बैठकीला एकवीस प्रश्न, जास्त नाही. ज्याला उत्तर कळलं त्याने ते फोडायचं नाही, त्यानेही फक्त हो-नाही करायचं. आणि घालणाऱ्याने स्वतः उत्तर कधीही, काही झालं तरी सांगायचं नाही. माथुरजींना तो 'गैरलागू' शब्द इतका आवडला की भाजीवाल्यालासुद्धा म्हणायचे, "भैया, तुम्हारा भाव गैरलागू है!" आमच्या मुक्ताला मात्र तो कधी धड बोलता आला नाही. ती आपली 'नॉट रिलेव्हन्ट' म्हणायची. तिचं मराठी तसंही अर्धं हिंदीच.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी बैठक उठता उठता अण्णांनी एक कोडं घातलं. म्हणाले, हे पुढच्या रविवारसाठी.

"एक माणूस दर मंगळवारी भरल्या हातांनी जातो आणि रिकाम्या हातांनी परत येतो. ज्या दिवशी भरल्या हातांनी परत येईल, त्या दिवशी बायकोला सांगेल. तो कुठे जातो?"

आई पोह्यांच्या बश्या गोळा करत होत्या. "बायको घरात घेईल तर ना!" असं म्हणून आत गेल्या. अण्णा गालातल्या गालात हसत बसले.

गुरुवारी त्यांच्या छातीत दुखलं. ॲडमिट केलं. शनिवारी बरं वाटत होतं, डॉक्टर म्हणाले सोमवारी सोडू. दुपारी चारच्या सुमाराला मी एकटीच त्यांच्यापाशी होते. त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "वैशाली, त्या कोड्याचं उत्तर तुला सांगून ठेवतो..."

मी काय केलं? मी हसले. मास्क परत नीट बसवला आणि म्हटलं, "अण्णा, रूल म्हणजे रूल! घरी या, एकवीस प्रश्नांत काढून दाखवते." तेही हसले. मान हलवली. डोळे मिटले.

रविवार उजाडायच्या आत अण्णा गेले.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. माणूस जाता जाता काही सांगू बघतो आणि आपण खेळाचा नियम दाखवून त्याला गप्प करतो... असं कोण करेल? आमच्या घरातलंच माणूस करेल. आतल्या आत मला खूप लागलं ते.

आणि मग त्यात भर पडली. भेटायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या आंटी सहज बोलून गेल्या, "भाईसाहब को मैं हर मंगल को बस में चढ़ते देखती थी. दोनों हाथों में भरे थैले. लौटते तो खाली हाथ. किसी को देने जाते थे क्या?"

मंगळवारी सकाळी आई भजनाला जातात, मी आणि नवरा कामावर, मुक्ता शाळेत. दहा ते एक अण्णा घरी एकटेच असत - असं आम्ही समजत होतो. म्हणजे ते कोडं नव्हतंच. खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आई दोन फुलक्यांवरून एकावर आल्या. मग अर्धा. एकदा कपड्यांच्या घड्या करता करता मला म्हणाल्या, "वैशाली, माणूस सगळा जन्म गाडीवर काढतो. मधल्या स्टेशनांवर त्याचं कोण असतं, ते घरच्यांना काय माहीत?"

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही ग. मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं." आणि अण्णांचा सदरा त्यांनी घडी न करताच बाजूला ठेवला. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की ते सांगत होते, मीच ऐकलं नाही! पण जीभ रेटली नाही.

असा महिना गेला. बैठक बंदच होती. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलायला बसलो. नवरा ड्युटीवर. सकाळचे साडेअकरा. जयपूरच्या पतंगांचे दिवस, आजूबाजूच्या गच्च्यांवरून सारखं 'वो काटा' चालू. कोण कुठे बसलं होतं ते नीट सांगते, कारण नंतर मी ते शंभर वेळा कागदावर काढून पाहिलंय. आई पाण्याच्या टाकीला टेकून, परातीवर वाकलेल्या. माथुरजी आमच्याकडे पाठ करून, उन्हाकडे तोंड करून खुर्चीत. मुक्ता चटईवर आडवी, तोंडावर पेपर. मी मधे. पाचवं कोणी नाही. गच्चीचं दार माझ्या समोर होतं आणि त्यातून येणारं कोणी मला दिसलंच असतं.

सोलता सोलता आई एकदम म्हणाल्या, "ते राहिलेलं कोडं घ्या ना आज."

मग माथुरजींनी एक रिकामी वाटी मांडीवर घेतली. प्रश्न मोजायचं काम त्यांचं. एका प्रश्नाचं उत्तर आलं की एक दाणा वाटीत.

मला काही सुचेना. उत्तर देणाराच नाही तर विचारायचं कोणाला? पण आईंचं मन मोडवेना, म्हणून मटारकडे बघतच हवेत प्रश्न टाकला, "तो माणूस म्हणजे आपले अण्णाच का?"

"हो."

मला वाटलं, मुक्ता. पेपरखालून आल्यासारखा, हलकाच आवाज. आधी रागच आला. कारटीला उत्तर माहीत होतं आणि महिनाभर गप्प बसली? आजी जेवत नाही ते दिसत नव्हतं हिला? अण्णांची लाडकी, तिने त्यांच्याशी बसून गुपचूप सोडवलं असणार... आणि आता नियमाप्रमाणे नुसतं हो-नाही करतेय. म्हटलं, आधी उत्तर काढू, मग हिच्याकडे बघते.

"मंगळवार म्हणजे देवाचं काही? मारुती?"

"नाही."

"जायचे ते जयपुरातच?"

"नाही."

"अजमेर रोडकडे?" नाही. "आग्रा रोडकडे?" हो. आग्रा रोडला आमचं कोण आहे? कोणी नाही. एकदा फक्त सगळे मिळून कानोत्याला धरणावर डबे घेऊन गेलो होतो, चार-पाच वर्षांपूर्वी. "कानोता?"

"हो."

माथुरजींच्या वाटीत दाणा पडल्याचा टक असा आवाज आला. आईंचे हात मात्र थांबले होते. मला कळत होतं त्यांना कोणता प्रश्न हवाय, आणि तो विचारायचा धीर मला होत नव्हता. मी इकडचे तिकडचे विचारत राहिले. धरणाशी संबंध? गैरलागू. रेल्वेशी? गैरलागू. थैल्यांत खायचं काही असायचं? इथे जरा वेळ लागला, मग "नाही". कपडे? नाही. औषधं? नाही.

शेवटी विचारलं. "तिथे... कोणी बाई होती का अण्णांची?"

"नाही."

"कोणीतरी माणूस? मूलबाळ?"

"नाही."

आईंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

"पण जिवंत काहीतरी आहे?"

"हो."

"गाय?" हे मी अशासाठी विचारलं की अण्णा आठवडाभराची भाजीची देठं, सालं, टरफलं गच्चीतल्या बादलीत साठवायचे आणि कोपऱ्यावरच्या गाईला घालतो म्हणायचे. बादली मंगळवारी रिकामी असायची.

"नाही."

आई त्या वेळी मटारच्या टरफलांच्या ढिगाकडे बघत होत्या. त्यांनी मूठभर टरफलं उचलली आणि मला नाही, कोणालाच नाही, समोर बघत विचारलं, "ही न्यायचात का? सालं? खत म्हणून?"

"हो."

"पेरू आहे का हो?"

"हो."

आई रडायला लागल्या. मुठीत टरफलं तशीच.

पेरूचं सांगते. आईंनी आयुष्यात तीन वेळा पेरू लावला. बांदीकुईच्या क्वार्टरमधे, फुलेऱ्याच्या, आबू रोडच्या. आत लाल असतो ना, तो पेरू, त्यांच्या माहेरी होता तसा. तिन्ही वेळा झाड धरायला आलं आणि बदली झाली. पेरू खाल्ले नंतर आलेल्यांनी. तिसऱ्या वेळी आईंनी हात जोडले. "बदलीवाल्यांनी झाड लावू नये. पेरू विकत आणावा आणि गप खावा. आता फळ हातात द्याल तेव्हाच मला झाडाचं सांगा." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलंय की मला पाठ होतं. आणि तरी मला सुचलं नाही!

मी उठून मुक्ताच्या तोंडावरचा पेपर उचलला. ती गाढ झोपली होती. तोंड उघडं, कानात इअरफोन.

"मुक्ता! तुला अण्णांनी कधी सांगितलं?"

"क्या? ...काय सांगितलं?"

"उत्तर. आत्ता देत होतीस ना!"

"मम्मा, मी तर झोपलेली. स्टार्टिंगला थोडं ऐकू आलं, पण ते तर आजी बोलत होती ना?"

आई डोळे पुसत म्हणाल्या, "मी कुठे? माथुरजी, आप बोल रहे थे ना? वो 'गैरलागू' तो आप ही का है."

माथुरजी खुर्चीसकट वळले. हातात वाटी. "नहीं भाभीजी. मैं तो गिन रहा था. मुझे लगा बिटिया बोल रही है." आणि मग हळूच म्हणाले, "सत्रह हुए."

तेव्हा मला उमगलं की मुक्ता कधी 'गैरलागू' म्हणत नाही. आणि मी तो शब्द दोनदा अगदी स्वच्छ ऐकला होता.

अण्णांचा आवाज आला असता तर आम्ही चौघं किंचाळत जिना उतरलो असतो. तसं काही नव्हतंच. प्रत्येकाला वाटलं, शेजारचं आपलंच माणूस बोलतंय. भीती कोणाला वाटली नाही, अजूनही वाटत नाही. आई तर लगेच म्हणाल्या, "वैशाली, मंगळवारी रजा टाक."

मंगळवारी दोन बस बदलून आम्ही दोघी कानोत्याला उतरलो. आईंनी टरफलांचे दोन थैले घेतले होते, मी नको नको म्हणत असताना. कोणाला विचारायचं तेही माहीत नव्हतं. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "भैया, एक उंच बुज़ुर्ग हर मंगल को थैले लेकर..."

"गार्ड साब?" तो चहावाला लगेच बाहेर आला. "पाँच-छह हफ़्ते हो गए, आए नहीं. तबीयत ठीक है ना?" मग त्याने आईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या थैल्यांकडे पाहिलं. "आप भाभीजी हो?"

आई म्हणाल्या, "हाँ. वो नहीं रहे, भैया."

तो तिथेच बाकावर बसला. थोड्या वेळाने उठून आम्हाला टपरीच्या मागे घेऊन गेला. हातपंपाशेजारी, काट्यांचं कुंपण केलेलं, माझ्यापेक्षा वीतभर उंच झाड. चार वर्षांचं. खाली काळं, भुसभुशीत खत... आमच्याच घरातली सालं. आणि फांद्यांवर पोपटांनी खाऊ नयेत म्हणून फडक्यांत बांधलेले पेरू. एक फडकं मी ओळखलं. अण्णांच्या जुन्या धोतराचं होतं.

"पहली बार लगे हैं," तो म्हणाला. "गार्ड साब ने सख़्त मना किया था. बोले, पहला फल भाभीजी तोड़ेंगी. मैंने किसी को हाथ नहीं लगाने दिया."

आईंनी एकेक फडकं सोडून अकरा पेरू काढले. पहिला तिथेच फोडला. आत लालचुटुक. अर्धा त्या चहावाल्याला दिला, उरलेल्यातला अर्धा मला, आणि आपला तुकडा खाताना खूप वेळ चावत राहिल्या. टरफलांचे थैले त्यांनी स्वतःच्या हाताने झाडाखाली रिकामे केले. मग त्याच थैल्यांत पेरू भरले.

परतीच्या बसमधे मला राहवलं नाही. हॉस्पिटलातलं सगळं सांगून टाकलं. ते सांगत होते आणि मी मास्क लावला, रूल दाखवला... बोलता बोलता मी हमसून रडायला लागले. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

आई ऐकत होत्या. दोन्ही थैले मांडीवर, हात त्यांच्यावर. मग म्हणाल्या, "बरं केलंस. तू सांगू दिलं असतंस तर एका वाक्यात संपलं असतं. मग सतरा वेळा कुठून ऐकलं असतं मी?"

मी डोळे पुसले.

"आणि बघ ना," आई म्हणाल्या, "उत्तर काही सांगितलं नाहीच त्यांनी. नियम पाळला." थोडं पुढे गेल्यावर आपल्याशीच हसल्या. "आली बाई गाडी बोगद्याबाहेर."

त्या संध्याकाळी त्यांनी दोन फुलके खाल्ले. वर वाटीभर भात.

आता तुम्ही खाली लिहाल, ताई, नीट आठवून बघा. लिहा. मीही तेच लिहिलं असतं. कोणीतरी पुटपुटलं असेल? पण उत्तर कोणालाच माहीत नव्हतं, कानोता मी विचारेपर्यंत कोणाच्या डोक्यात नव्हतं. शेजारच्या गच्चीवरचा आवाज? सतरा वेळा, प्रश्न संपल्या संपल्या? भास म्हणावा तर चौघांना एकच कसा झाला? माथुरजींनी तर आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांनीही मांडून पाहिलं... एक विचारणारी, एक सोलणारी, एक झोपलेली, एक मोजणारा. चार माणसं, आणि उत्तरं सतरा. म्हणतात, "वैशालीजी, हिसाब में एक आदमी कम पड़ रहा है." ते दाणे त्यांनीच मला जपून ठेवायला दिले.

रविवारची बैठक पुन्हा सुरू झालीये. तसा आवाज त्यानंतर एकदाही आला नाही. मी मात्र प्रश्न विचारला की अजूनही क्षणभर थांबते.

परवा आईंना सरळच विचारलं, "आई, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं? कोण बोलत होतं त्या दिवशी?"

आई पेरूच्या बिया धुऊन फडक्यावर वाळत घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गैरलागू."